खर्जाची निवड : मुंबई ते कोलशेत, बेस गिटारच्या घडणींचा इतिहास

विद्युत बेस गिटारची घडण निवडण्याचा प्रश्न वरवर पाहता वादकाच्या आवडीचा वाटतो. परंतु मुंबई आणि तिच्या उत्तरेस खाडीलगत पसरलेला ठाणे-कल्याण पट्टा यांतील या वाद्याचा सुमारे सहा दशकांचा इतिहास पाहिला, तर वादकाच्या हातापेक्षा श्रोत्यापुढच्या कर्ण्यानेच ही निवड अधिक वेळा ठरवल्याचे दिसते. वाद्याचा आवाज कोठे ऐकला जाणार, म्हणजे चित्रपटगृहात, घरातल्या ट्रान्झिस्टरवर, उघड्या मैदानावर, हळदीच्या मांडवात की इमारतीच्या विसाव्या मजल्यावरील खोलीत, यावर वाद्याची लांबी, तारांचा प्रकार आणि तारांची संख्या अवलंबून राहिली. ठाण्याच्या उत्तर टोकास उल्हास नदीच्या खाडीलगत वसलेले कोलशेत हे आगरी-कोळी गाव आता उंच गृहसंकुलांनी वेढले गेले आहे, आणि या इतिहासातील शेवटचे दोन टप्पे तेथे शेजारी-शेजारी नांदताना आढळतात.

मुळात बेस गिटार हे चार जाड तारांचे, गिटारपेक्षा एक सप्तक खाली बोलणारे वाद्य आहे. पाश्चात्त्य स्वरनामांनुसार त्याच्या तारा खालून वर ई, ए, डी आणि जी अशा जुळवतात, आणि त्यांची कंपनसंख्या अनुक्रमे सेकंदाला सुमारे 41, 55, 73 आणि 98 असते. यांतील सर्वांत खालच्या स्वराची हवेतील तरंगलांबी आठ मीटरहून अधिक भरते, त्यामुळे तो स्वर ताकदीने बाहेर टाकण्यासाठी मोठा कर्णा आणि भरपूर विद्युतशक्ती लागते. तळहाताएवढ्या कर्ण्याला ते साधत नाही. मानवी कानाची एक खुबी मात्र येथे उपयोगी पडते. प्रत्येक स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर निघत असतात, आणि मूळ स्वर ऐकू आला नाही तरी या उपस्वरांवरून कान तो ताडून घेतो. बेस गिटारच्या वेगवेगळ्या घडणींमधील फरक बहुतांशी हाच आहे, की कोणती घडण मूळ स्वराला किती वाव देते आणि उपस्वरांना किती.

हे वाद्य येण्यापूर्वी मुंबईत खर्जाची जबाबदारी डबल बेसवर होती. व्हायोलिनच्या कुळातले, माणसाच्या उंचीहून मोठे असे हे पोकळ लाकडी वाद्य उभे धरून गजाने किंवा बोटाने वाजवले जाई. पोर्तुगीज काळापासून गोव्यातील पॅरिश शाळांमध्ये स्वरलेखन वाचण्याचे आणि व्हायोलिन वाजवण्याचे शिक्षण मिळत असल्यामुळे लिहिलेले संगीत वाचून वाजवणारे वादक मुंबईला प्रामुख्याने गोव्याने पुरवले. 1930च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड या आफ्रिकी-अमेरिकी कलावंतांचे जॅझ वाद्यवृंद वाजू लागले, तेव्हा त्या शैलीचे संस्कार या गोवेकर वादकांवर झाले. आणि चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सॅबेस्टियन डिसूझा यांच्यासारख्या मंडळींनी ते संस्कार हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात नेले. त्या वाद्यवृंदात डबल बेस असे, पण ध्वनिमुद्रण एकाच मार्गावर होत असल्याने आणि गायक, वादक, कोरस सगळे एकाच दालनात एकाच वेळी वाजवत असल्याने डबल बेसचा मऊ, पसरट आवाज इतर वाद्यांखाली बराचसा दबून जाई.

या अडचणीवरचे उत्तर अमेरिकेत आधीच शोधले जात होते. सिएटल येथील पॉल टुटमार्क यांनी 1930च्या दशकातच पडदे असलेला, आडवा धरून वाजवण्याचा विद्युत बेस तयार केला होता, पण तो फारसा पसरला नाही. 1951मध्ये कॅलिफोर्नियातील फुलरटन येथे लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि तेथून या वाद्याचा खरा प्रसार सुरू झाला. या नावामागे स्पष्ट हेतू होता : डबल बेसच्या गळ्यावर पडदे नसल्याने स्वराची जागा वादकाला कानाने शोधावी लागे, तर येथे धातूच्या पडद्यांमुळे स्वर नेमका लागत असे. भरीव लाकडाचे शरीर, 34 इंच म्हणजे सुमारे 864 मिलिमीटर मोकळी तार, आणि तारेच्या कंपनाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा पिकअप, म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, ही त्याची मुख्य अंगे होती. 1957मध्ये या पिकअपचे दोन तुकडे करून ते पुढे-मागे बसवण्यात आले; त्यामुळे विजेची घरघर कमी झाली आणि आजही ओळखला जाणारा जाडसर, मधल्या पट्टीत ठळक असा आवाज स्थिर झाला.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत निवडीला खरे पर्याय मिळाले. फेंडरनेच 1960मध्ये आणलेल्या जॅझ बेसचा गळा टोकाशी अरुंद होता, सुमारे 38 मिलिमीटर, तर प्रिसिजनचा 44 मिलिमीटरच्या आसपास असे. शिवाय जॅझ बेसला दोन पिकअप होते, आणि त्यांतील पुलाजवळचा, म्हणजे शरीरावर तारा जेथे टेकतात त्या पट्टीजवळचा, पिकअप उपस्वर अधिक टिपत असल्याने त्याचा आवाज किंचित नाकातला आणि रेखीव निघे. गिब्सन कंपनीने 1953पासून सुमारे 30.5 इंच मोकळ्या तारेचे आखूड बेस काढले. जर्मनीतील होफ्नर कंपनीने 1950च्या दशकाच्या मध्यास व्हायोलिनच्या आकाराचा पोकळ व हलका बेस बनवला, आणि पॉल मॅकार्टनी यांनी 1961मध्ये हॅम्बुर्गमध्ये तो विकत घेतल्यानंतर बीटल्सच्या छायाचित्रांमधून तो जगभर ओळखीचा झाला. आखूड तारेवर ताण कमी पडतो, बोटांना अंतर कमी कापावे लागते आणि आवाज गोल, लवकर विरणारा येतो. लांब तारेवर ताण वाढतो आणि खालचा स्वर अधिक स्पष्ट उमटतो. तारांचाही फरक होता. फ्लॅटवाउंड तारांवर चपटी पट्टी गुंडाळलेली असल्याने त्या गुळगुळीत असतात व त्यांचा आवाज डबल बेसच्या जवळ जातो. राउंडवाउंड तारांवर गोल तार गुंडाळलेली असल्याने त्या खरखरीत असतात व त्यांचा आवाज झणझणीत येतो. 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत बेसवर पहिलाच प्रकार रूढ होता.

ही वाद्ये मुंबईत पोहोचली ती मोजक्या संख्येने. परवाना पद्धतीच्या काळात परदेशी वाद्य उघडपणे आयात करणे अवघड आणि महाग होते, त्यामुळे जहाजावर नोकरी करणारे नातेवाईक, दौऱ्यावर आलेले कलावंत आणि एका हातातून दुसऱ्या हाती जाणारी जुनी वाद्ये हेच पुरवठ्याचे मार्ग उरत. धोबी तलावची फुर्ताडोज ही पेढी 1865पासून पाश्चात्त्य वाद्ये आणि स्वरलेखनाची पुस्तके विकत आली होती, तर स्वस्त गिटारींसाठी वादकांची भिस्त कलकत्त्यात तयार होणाऱ्या गिव्हसन, हॉब्नरसारख्या देशी नावांवर असे. या नावांवरच विदेशी ब्रँडची छाप किती खोल होती हे कळते. अशा टंचाईत जॅझ की प्रिसिजन, लांब की आखूड, असा प्रश्न क्वचितच विचारला जाई. हाती लागेल ते वाद्य घ्यायचे, त्याच्या तारा वर्षानुवर्षे बदलायच्या नाहीत, आणि त्यातून जो आवाज निघेल त्याला आपली शैली जुळवायची, अशी रीत होती. मात्र या सक्तीचा परिणाम संगीताच्या दृष्टीने वाईट झाला नाही, कारण जुन्या, मळलेल्या तारांचा बोथट व लवकर विरणारा आवाज त्या काळच्या श्रवणसाधनांना नेमका जुळत होता.

ही श्रवणसाधने म्हणजे मुख्यतः मध्यम लहरींवर चालणारा रेडिओ. 1957मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीने चित्रपटगीत घराघरांत नेले आणि 1960च्या दशकात ट्रान्झिस्टर संच स्वस्त होत गेले. पण त्यांच्या छोट्या कर्ण्यातून शंभराखालची कंपने जवळपास ऐकूच येत नसत. गाणे बसवणाऱ्याने बेसची ओळ फक्त सर्वांत जाड तारेवर ठेवली, तर ती चित्रपटगृहात ऐकू येई आणि घरी नाहीशी होई. त्यामुळे ज्या संगीतकारांना बेसची ओळ श्रोत्यापर्यंत पोहोचवायची होती, त्यांनी तिला वरच्या तारांवर आणि सुरावटीच्या अंगाने चालवले. राहुल देव बर्मन यांनी 1966च्या ‘तीसरी मंजिल’पासून आणि विशेषतः 1971च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ व ‘कारवाँ’ या चित्रपटांपासून विद्युत गिटार व बेस यांना वाद्यवृंदाच्या पार्श्वभूमीतून पुढे आणले. त्यांच्या वाद्यवृंदातील बेसवादक टोनी वाझ यांचे नाव या कामाशी जोडले जाते, आणि चित्रपटाच्या वाद्यवृंदांतून गिटार, बेस व विद्युत कळफलकांची वाद्ये वाजवणारे चरणजित सिंग (1940-2015) हेही त्याच पिढीतले. आधी केवळ मूळ स्वराचा ठेका धरणारी बेसची ओळ या काळात गाण्याच्या चालीला उत्तर देऊ लागली. 1975चा ‘शोले’ सत्तर मिलिमीटर फिल्मवर, अनेक मार्गांच्या ध्वनीसह दाखवला गेला, तेव्हा मोठ्या चित्रपटगृहांतील प्रेक्षकांना खर्ज अंगावर येण्याचा अनुभवही मिळाला.

बेस गिटारला पहिला खरा प्रतिस्पर्धी यंत्राच्या रूपाने आला. जपानच्या रोलंड कंपनीने 1981 ते 1984 या काळात टीबी-303 नावाचे छोटे यंत्र बनवले. एकट्या गिटारवादकाला सरावासाठी बेसवादकाची साथ यंत्रातून मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. खऱ्या बेससारखा आवाज त्यातून निघाला नाही, सुमारे दहा हजार नग विकून त्याचे उत्पादन थांबले, पण त्याच्या चिवट, पिळवटलेल्या आवाजाला नंतर अमेरिका व युरोपातील नृत्यसंगीतात स्वतंत्र प्रतिष्ठा मिळाली. या यंत्राच्या पहिल्या काही लक्षणीय उपयोगांपैकी एक मुंबईत झाला, आणि तो एका बेसवादकानेच केला. चरणजित सिंग यांनी 1982मध्ये टीबी-303, त्याच कंपनीचे टीआर-808 हे तालयंत्र आणि ज्युपिटर-8 सिंथेसायझर जुळवून दहा रागांची डिस्को ठेक्यावरील तबकडी काढली. ती तेव्हा दुर्लक्षित राहिली आणि 2010मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर जगभर चर्चेत आली. मुंबईच्या धंद्यात मात्र यंत्राचा अर्थ अधिक रोकडा होता. कळफलकावरच्या डाव्या हाताने किंवा संगणकाने बेसची ओळ वाजू लागली, तसतशी मोठ्या वाद्यवृंदांची गरज घटली आणि बेसवादकाची खुर्ची सर्वांत आधी रिकामी होणाऱ्या खुर्च्यांपैकी एक ठरली.

याच सुमारास बेस गिटारला दुसरा आश्रय मिळाला तो महाविद्यालयीन रॉक संगीतात. धोबी तलावच्या रंगभवन या उघड्या नाट्यगृहात 1986पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरू लागला, आणि 1984मध्ये स्थापन झालेल्या रॉक मशीन या वाद्यवृंदाने, जो पुढे 1993मध्ये इंडस क्रीड झाला, स्वतःची इंग्रजी गाणी लिहून मोठा श्रोतृवर्ग मिळवला. त्यांचे बेसवादक मार्क सेल्विन होते. उघड्या जागेत, दोन विद्युत गिटारी आणि मोठ्या ड्रम संचाच्या गदारोळात जुना बोथट आवाज टिकाव धरू शकत नव्हता. तेथे राउंडवाउंड तारा, जॅझ बेसचा पुलाजवळचा पिकअप आणि सक्रिय विद्युत रचना यांना महत्त्व आले. सक्रिय रचना म्हणजे वाद्याच्या पोटातच नऊ व्होल्टची बॅटरी आणि छोटा प्रवर्धक बसवून खालच्या व वरच्या पट्ट्या वादकाने स्वतः वाढवणे. म्युझिक मॅन कंपनीच्या 1976च्या स्टिंगरे बेसमुळे ती लोकप्रिय झाली होती. 1991नंतर आयात सैल झाली, तसे आयबानेझ, यामाहा, स्क्वायर यांसारखे मध्यम किमतीचे बेस दुकानांत सरसकट दिसू लागले आणि निवडीचा प्रश्न मुंबईच्या वादकापुढे पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने उभा राहिला. रंगभवन मात्र रुग्णालये व शिक्षणसंस्थांच्या शेजारी असल्याने शांतता क्षेत्राच्या नियमांत सापडले आणि तेथील मोठे कार्यक्रम बंद पडले.

ठाण्याकडे खर्जाची स्वतःची वेगळी परंपरा होती. कोलशेत, बाळकुम, ढोकाळी यांसारख्या गावांत आगरी-कोळी लग्नाचे संगीत मुख्यतः गळ्याचे आणि चामड्याचे असे : धवलारीण, म्हणजे विवाहविधी गाऊन पार पाडणारी स्त्री, धवले म्हणे, आणि वरातीला सनई, ढोल, ताशा वाजत. पुढे या प्रदेशात बेंजो पार्ट्या आल्या. येथे बेंजो म्हणतात ते अमेरिकी बँजो नसून बुलबुल तरंग हे कळा दाबून वाजवायचे तारवाद्य आहे, आणि त्याचा मूळ पुरुष म्हणजे जपानच्या नागोया येथे 1912मध्ये मोरिता गोरो यांनी बनवलेला ताइशोगोतो. त्याला पिकअप बसवून, जोडीला कीबोर्ड आणि 1985पासून बाजारात आलेला ऑक्टोपॅड घेऊन या पार्ट्यांनी हळद आणि मिरवणुकीसाठी चालता-फिरता विद्युत वाद्यवृंद उभा केला. यात बेस गिटारला बहुधा जागा मिळाली नाही. मिरवणुकीत चालताना केबल, प्रवर्धक आणि आणखी एक माणूस सांभाळण्यापेक्षा कीबोर्डच्या डाव्या हातावर किंवा ध्वनिमुद्रित ठेक्यावर खर्ज सोपवणे सोयीचे होते. वेसावकर आणि मंडळींच्या कोळीगीतांच्या कॅसेटींनी 1990च्या दशकात जो ठेका घरोघर नेला, तोच पुढे डीजेच्या उंच रचलेल्या कर्ण्यांतून वाजू लागला. म्हणजे खर्जाची हौस या किनाऱ्यावर कमी नव्हती. ती भागवायला तारेचे वाद्य लागले नाही एवढेच.

ही हौस शेवटी कायद्याला भिडली. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवण्यावर बंदी आणली. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2016मध्ये दिलेल्या सविस्तर निकालाने उत्सवांतील मंडप आणि ध्वनिवर्धक यांबाबतची अंमलबजावणी सरकारी यंत्रणांवर बंधनकारक केली. कोलशेतच्या विसर्जन घाटाकडे जाणाऱ्या मिरवणुकांपासून रंगभवनापर्यंत एकच भौतिक अडचण दिसते : लांब तरंगलांबीचा खालचा स्वर भिंतींना जुमानत नाही. गायकाचा किंवा बासरीचा आवाज दोन भिंतींपलीकडे मंदावतो, बेस मात्र खालच्या-वरच्या मजल्यांवर पोहोचतो.

दरम्यान कोलशेतच बदलले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे रासायनिक कारखानदारी वाढली होती; सँडोझ कंपनीचा रसायन विभाग 1995मध्ये वेगळा होऊन क्लॅरिअंट झाला, आणि पुढे कारखान्यांच्या जमिनींवर निवासी मनोरे उभे राहिले. या मनोऱ्यांतील बेसवादकापुढची परिस्थिती त्याच्या आधीच्या कोणत्याही पिढीला ठाऊक नव्हती. त्याला परदेशी वाद्य घरपोच मिळते, पण ते प्रवर्धकातून वाजवण्याची सोय नाही. म्हणून तो बहुतेक वेळ कानावर हेडफोन ठेवून वाजवतो. चांगला हेडफोन 41 कंपनांचा मूळ स्वर व्यवस्थित ऐकवतो, त्यामुळे आजवर कर्ण्याने घातलेली मर्यादा सरावापुरती नाहीशी झाली आहे.

या मोकळिकीतून वेगळ्या घडणी पुढे आल्या. पाच तारांच्या बेसमध्ये खाली बी ही तार जोडलेली असते, तिची कंपने सुमारे 31. अमेरिकेत 1970च्या दशकाच्या मध्यापासून अशी वाद्ये तयार होऊ लागली. ही तार आखूड वाद्यावर सैल आणि अस्पष्ट वाजते, म्हणून काही कारागीर मोकळी तार 35 इंचांपर्यंत वाढवतात. कीबोर्डवरच्या खर्जाशी जुळणारे आजचे चित्रपटसंगीत रंगमंचावर वाजवायचे असेल, तर ही पाचवी तार उपयोगी पडते. ठाण्यात 1978मध्ये उघडलेल्या गडकरी रंगायतनात किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात होणाऱ्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत मात्र चार तारा आणि फ्लॅटवाउंडचा आवाज मूळ ध्वनिमुद्रणाच्या अधिक जवळ जातो. पडदे नसलेल्या, म्हणजे फ्रेटलेस, बेसचे आकर्षण भारतीय कानाला वेगळ्याच कारणाने वाटते. जाड तार ओढून मींड घेणे कष्टाचे असते, तर पडदे नसतील तेथे बोट घसरवून दोन स्वरांमधली वाट सलग दाखवता येते. फेंडरने असा बेस 1970मध्ये काढला आणि जॅको पास्टोरियस यांच्या 1976च्या तबकडीने तो जगभर गाजला. पडद्यांच्या बेसवरही भारतीय लयकारीला वाट मिळाली आहे : 1996मध्ये मुंबईत जन्मलेल्या मोहिनी डे यांना बेसचे पहिले धडे वडील सुजय डे यांच्याकडूनच मिळाले, आणि दक्षिणेतील कोन्नक्कोल, म्हणजे तालाचे बोल मुखाने म्हणण्याची पद्धत, बेसच्या तारांवर उतरवणारे त्यांचे वादन ए. आर. रहमान यांच्या कार्यक्रमांपासून परदेशी रंगमंचांपर्यंत पोहोचले आहे.

तरीही निवड पूर्णपणे वादकाच्या मनावर सोडली गेली आहे, असे म्हणता येत नाही. हेडफोनवर वाजवलेली बेसची ओळ शेवटी ज्या श्रोत्यापर्यंत जाते, तो ती मोबाइलच्या छोट्या कर्ण्यातून ऐकतो, आणि त्या कर्ण्याची मर्यादा 1960च्या दशकातील ट्रान्झिस्टरहून कडकच आहे. त्यामुळे पाचव्या तारेवर घडवलेला देखणा खर्ज सरावाच्या खोलीत राहतो आणि उपस्वरांनी भरलेला, मधल्या पट्टीत ठळक असा चार तारांचा आवाजच बाहेर पोहोचतो. नव्याने शिकणाऱ्याला म्हणूनच आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : हात लहान असेल किंवा सोसायटीत शांततेत सराव करायचा असेल, तर आखूड बेस पुरतो, जुनी गाणी आणि मोबाइलवरचा श्रोता समोर असेल, तर प्रिसिजनच्या जातीचे वाद्य बरे, आणि मोठ्या रंगमंचावर कीबोर्डशी बरोबरी करायची असेल, तर सक्रिय रचनेचे पाच तारांचे वाद्य घ्यावे. टोनी वाझ यांच्या पिढीला हा विचार करण्याची संधी नव्हती, कारण त्यांना हाती आलेल्या वाद्यातून समोरच्या कर्ण्यापुरते संगीत काढावे लागले. आजच्या वादकाला वाद्य निवडता येते, पण कर्णा निवडणे अजूनही श्रोत्याच्याच हाती आहे.